गेरूच्या भिंतीवरची पांढरी रेघ आणि आठ बाय आठचा चौकोन

१/
भिंतीवरचे चित्र पुसले गेल्यावर इतिहासाच्या हाती काय उरते? पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी या तालुक्यांपुरते तरी उत्तर एकच आहे: छायाचित्र. मात्र ते छायाचित्र कोणत्या फाईल फॉरमॅटमध्ये साठवले आणि कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये हाताळले, यावर पुढच्या पिढीला चित्रातले नेमके काय दिसणार हे ठरते. वारली चित्रांच्या निमित्ताने या तांत्रिक निवडीचा इतिहास पाहू.
#थ्रेड #इतिहास #वारली

२/
प्रथम मूळ भिंत समजून घेऊ. पारंपरिक वारली घराची भिंत कुडाची असते. कारवीच्या काठ्यांची चौकट, तिच्यावर माती आणि शेणाचा लेप, त्यावर गेरूचा हात. चित्रासाठी तांदळाचे पीठ पाण्यात कालवायचे, थोडा डिंक मिसळायचा आणि बांबूच्या काडीचे टोक चावून केलेल्या कुंचल्याने रेघ ओढायची. तांबूस भूमी आणि पांढरी रेघ, एवढ्या सामग्रीवर हे सारे चित्रविश्व उभे आहे.

३/
या चित्रांचा गाभा म्हणजे लग्नातला चौक. तो सवाशिणी लिहितात आणि धवलेरी विधीची गाणी म्हणते. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी असते. घोड्यावरच्या पंचशिऱ्या देवासाठी निराळा लहान चौक असतो. हे लेखन विधीसाठी असते, जतन करण्यासाठी नव्हे. पुढे भिंत पुन्हा सारवली की चौक तिच्यात विरून जातो. कुडाच्या जागी विटा-सिमेंटचे घर आले, तर चौकाबरोबर ती भिंतही जाते.

४/
या कलेचे पहिले मोठे माध्यमांतर १९७०च्या दशकाच्या आरंभी झाले. विणकर सेवा केंद्राशी संबंधित चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात आले आणि त्यांनी वारली चित्रकारांच्या हाती कागद दिला. त्यापूर्वी बिहारमधील मधुबनीत त्यांनी असेच काम केले होते. या प्रयत्नांमागे हस्तकलांच्या क्षेत्रातील पुपुल जयकर यांची प्रेरणा होती.

५/
कागदावर आलेल्या चित्रकारांत सर्वांत ठळक नाव जिव्या सोमा म्हसे यांचे. जन्म १९३४, तलासरी तालुक्यातील धामणगावचा. पुढील आयुष्य डहाणू तालुक्यातील गंजाडजवळच्या कळंबीपाड्यात. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार, १९८९ साली पॅरिसमधील ‘मॅजिसियाँ द ला तेर’ या गाजलेल्या प्रदर्शनात सहभाग, २०११ साली पद्मश्री. १५ मे २०१८ रोजी त्यांचे निधन झाले.

६/
कागदाने ही कला जगभर पोहोचवली, हे निर्विवाद. पण त्याच वेळी काही गोष्टी गळल्या. भिंतीचा विस्तार गेला, विधीचा प्रसंग गेला. घराघरांत चौक लिहिणाऱ्या सवाशिणी बहुतांशी अनाम राहिल्या आणि कागदावरची सही प्रामुख्याने पुरुष चित्रकारांची झाली. माध्यम बदलताना काय सोबत न्यायचे आणि काय मागे ठेवायचे, याचा निवाडा होतच असतो. दुसरे माध्यमांतर डिजिटल आहे आणि तेथील निवाडा फाईल फॉरमॅट करतो.

७/
आता डहाणूहून थोडे दूर जाऊ. १९५७ साली अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र संगणकात उतरवले. त्याचा आकार होता १७६ बाय १७६ बिंदू. चित्राचे चौकोनी बिंदूंत तुकडे करून प्रत्येकाला एक अंक देणे ही कल्पना येथे प्रथम प्रत्यक्षात आली. आजचा पिक्सेल त्याच बिंदूचा वंशज.

८/
१९७५ साली कोडॅक कंपनीतील तरुण अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी पहिला हातात उचलता येणारा डिजिटल कॅमेरा जुळवला. १०० बाय १०० बिंदूंची कृष्णधवल प्रतिमा कॅसेटच्या फितीवर नोंदवायला त्याला २३ सेकंद लागत. योगायोग असा, की सॅसन अमेरिकेत प्रतिमा फितीवर उतरवत होते त्याच सुमारास इकडे वारली चित्र भिंतीवरून कागदावर उतरत होते.

९/
बिंदू वाढले तशी जागेची अडचण उभी राहिली. हिशेब सोपा आहे. ४००० बाय ३००० म्हणजे १ कोटी २० लाख बिंदू. प्रत्येक बिंदूला लाल, हिरवा, निळा असे तीन अंक, म्हणजे तीन बाइट. एका छायाचित्राला सुमारे ३६ एमबी. १९९०च्या आसपासच्या घरगुती संगणकाची संपूर्ण हार्ड डिस्क बहुधा याहून फार मोठी नसे. प्रतिमा दाबून लहान करणे ही गरजच होती.

१०/
या गरजेवरचा उपाय एका भारतीयाच्या डोक्यातून आला. बंगळूरुत जन्मलेले आणि तेथेच अभियांत्रिकी शिकलेले नासिर अहमद अमेरिकेतील कॅन्सस राज्य विद्यापीठात शिकवत होते. १९७२ साली त्यांनी एका गणिती रूपांतराच्या अभ्यासासाठी अनुदान मागितले. ते नाकारले गेले. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी जानेवारी १९७४ मध्ये ते प्रसिद्ध केले. नाव: डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म.

११/
त्याचे सूत्र शब्दांत असे मांडता येईल. प्रतिमेचा लहानसा तुकडा म्हणजे अनेक लहरींची बेरीज. काही लहरी संथ असतात. त्या आभाळाच्या छटेसारखे सावकाश होणारे बदल सांगतात. काही द्रुत असतात. त्या बारीक तपशील आणि तीक्ष्ण कडा सांगतात. मानवी डोळा संथ बदल चटकन ओळखतो, द्रुत बदलांतली तूट त्याच्या सहसा लक्षात येत नाही. तेव्हा द्रुत लहरींचे अंक ढोबळ करा, जमतील तेथे शून्य करा. फाईल आपोआप लहान होते.

१२/
१९८६ साली स्थापन झालेल्या एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने याच रूपांतरावर आपले मानक बांधले. १९९२ साली ते मान्य झाले. त्या गटाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे म्हणजेच जेपीईजी. हा फॉरमॅट प्रतिमेचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनातील ६४ अंकांवर स्वतंत्रपणे ही क्रिया करतो. डहाणूच्या किनाऱ्यावरील संध्याकाळचे आभाळ यात सुरेख बसते.

१३/
गेरूच्या भिंतीवरची पांढरी रेघ मात्र बसत नाही. आठ बिंदूंच्या चौकोनातून दोन बिंदू जाडीची शुभ्र रेघ गेली की तिच्या दोन्ही कडा म्हणजे केवळ द्रुत लहरी, आणि जेपीईजी ढोबळ करतो ते नेमके त्यांनाच. मग रेघेच्या दोन्ही बाजूंना मळकट तरंग उठतात. सपाट भूमीवर धुळीसारखे ठिपके दिसू लागतात. फाईल जितकी अधिक दाबाल तितके हे तरंग गडद होतात.

१४/
दुसरा घाव रंगावर. डोळ्याला उजेड-अंधारातला फरक जितका सूक्ष्म कळतो तितका रंगातला कळत नाही. म्हणून जेपीईजी बहुधा रंगाची माहिती आडवी निम्मी आणि उभी निम्मी, म्हणजे एकूण पाव हिश्शानेच ठेवतो. परिणामी गेरूचा तांबूसपणा पांढऱ्या रेघेत झिरपतो. म्हसे यांच्या मासेमारीच्या जाळ्याच्या चित्रातील अतिसूक्ष्म वीण अशा फाईलमध्ये गुलाबट धुक्यासारखी दिसली, तर तो दोष चित्रकाराच्या हाताचा नव्हे.

१५/
याला पर्याय होता का? १९८७ साली कॉम्प्युसर्व्ह कंपनीने जीआयएफ आणला. तो रेघ जशीच्या तशी राखतो, मात्र एका प्रतिमेत रंग जास्तीत जास्त २५६. शिवाय त्यातील आकुंचनाची पद्धत युनिसिस कंपनीच्या पेटंटखाली होती. डिसेंबर १९९४ मध्ये या पद्धतीच्या वापरासाठी परवाना शुल्क लागेल असे जाहीर झाले आणि जगभरच्या प्रोग्रामरांत संतापाची लाट उसळली.

१६/
त्या संतापातून पीएनजी जन्मला. जानेवारी १९९५ मध्ये थॉमस बुटेल यांनी पहिला आराखडा मांडला. अनेकांनी स्वेच्छेने त्यात भर घातली आणि ऑक्टोबर १९९६ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने त्याला मान्यता दिली. कोट्यवधी रंग, एकही बिंदू न गमावणारे आकुंचन, आणि पेटंटमुक्त. संगणकावरच काढलेल्या सपाट रंगाच्या वारली आकृतीसाठी याहून योग्य फॉरमॅट क्वचितच सापडेल.

१७/
येथे एक गैरसमज दूर करायला हवा. जेपीईजी फाईल पीएनजी म्हणून साठवली की ती सुधारते, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. उठलेले तरंगही तितक्याच निष्ठेने जतन होतात. दुसरे असे की खऱ्या मातीच्या भिंतीत खडे, गवताच्या काड्या, बोटांचे ठसे, तडे असतात. कोणतेही दोन बिंदू सारखे नसतात. अशा छायाचित्राची पीएनजी फाईल फार मोठी होते. भिंतीच्या छायाचित्राला वेगळा मार्ग लागतो.

१८/
तो मार्ग कॅमेऱ्यापासून सुरू होतो, कारण पहिली कापाकापी कॅमेराच करतो. स्वयंचलित प्रकाशमापन समोरचे दृश्य मध्यम उजळ असावे असे गृहीत धरते. गडद गेरूची भिंत दिसली की ते उजेड वाढवते आणि तांदळाच्या पिठाची रेघ भगभगीत पांढरी होऊन तिचा पोत नाहीसा होतो. स्वयंचलित रंगतोल सगळीकडे तांबडेपणा पाहून त्याला आजाराप्रमाणे दुरुस्त करायला जातो. गेरू फिकट आणि राखाडी होतो.

१९/
म्हणून रॉ फाईल महत्त्वाची. कॅमेऱ्याच्या संवेदकाने जे मोजले ते जवळजवळ जसेच्या तसे यात असते. जेपीईजीत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. रंगतोल नंतर बदलता येतो, उजळ भागातला पोत बराचसा परत आणता येतो. अडचण अशी की प्रत्येक कंपनीची रॉ निराळी. त्यावर तोडगा म्हणून ॲडोबीने २००४ साली डीएनजी हा सर्वांसाठी खुला फॉरमॅट मांडला.

२०/
रॉवर संस्कार करून तयार झालेली प्रत दीर्घकाळ ठेवायची असेल, तर अभिलेखागारांची परंपरागत पसंती टिफला आहे. १९८६ साली ॲल्डस कंपनीने स्कॅनरांसाठी तो रचला. १९९४ साली ती कंपनी ॲडोबीत विलीन झाली. टिफ फाईल जड असते, पण न दाबता किंवा काहीही न गमावता दाबून ठेवता येते. कागदावरील वारली चित्र स्कॅन करताना, किंवा घराघरांतली जुनी छापील छायाचित्रे उतरवताना, पहिली प्रत टिफच असावी.

२१/
आता सॉफ्टवेअरकडे. १९८७ साली मिशिगन विद्यापीठातील विद्यार्थी थॉमस नॉल यांनी कृष्णधवल पडद्यावर राखाडी छटा दाखवणारा एक लहान प्रोग्राम लिहिला. चित्रपटांच्या दृश्यचमत्कारांचे काम करणारे त्यांचे बंधू जॉन यांनी त्यातील शक्यता ओळखली. फेब्रुवारी १९९० मध्ये ॲडोबीने तो ‘फोटोशॉप’ या नावाने बाजारात आणला. पुढे या नावाचे क्रियापदच झाले, आणि त्या क्रियापदाला संशयाचा वास येऊ लागला.

२२/
२०१३पासून फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या केवळ वर्गणीवर मिळू लागल्या. एखाद्या आश्रमशाळेला किंवा गावातल्या तरुण मंडळाला ती वर्गणी परवडेलच असे नाही. सुदैवाने मुक्त पर्याय आहेत. बर्कलीच्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९६ साली ‘गिम्प’ लोकांसमोर ठेवला. रॉ फाईलसाठी ‘डार्कटेबल’ आणि ‘रॉथेरपी’, रेखाकृतींसाठी ‘इंकस्केप’. चारही मोफत, आणि वारली भिंतीच्या नोंदीसाठी पुरेसे.

२३/
निवड करताना किमतीबरोबर एक कसोटी लावावी: हे सॉफ्टवेअर मूळ फाईलला हात लावते का? डार्कटेबलसारखे प्रोग्राम मूळ रॉ अबाधित ठेवतात आणि आपण केलेले बदल शेजारच्या एका लहान फाईलमध्ये सूचनांच्या रूपात लिहितात. इतिहासकाराला हेच हवे. उद्या कोणी विचारले की गेरू इतका लाल का दिसतो, तर तुम्ही काय बदलले ते पायरीगणिक दाखवता येते.

२४/
दुरुस्ती कुठवर करावी? रंगतोल, उजेड, वाकडी चौकट सरळ करणे हे नोंदीच्या मर्यादेत बसते. तडा बुजवणे, अर्धवट पुसलेली आकृती पुरी करणे, भिंतीवरची खुंटी गायब करणे हे बसत नाही. फोनमधले स्वयंचलित ‘सौंदर्यीकरण’ तर न विचारता मातीचा पोत गुळगुळीत करते आणि रेघेभोवती प्रभावळ चढवते. कृत्रिम बुद्धिमत्तेने भरलेला तुकडा दिसायला अस्सल असला, तरी ती सवाशीण तेथे तसे काही लिहून गेलेली नसते.

२५/
आणखी एक रूप आहे: व्हेक्टर. २००१ साली मान्यता मिळालेल्या एसव्हीजीमध्ये बिंदू नसतात, रेषांची वर्णने असतात; आकृती कितीही मोठी केली तरी फाटत नाही. वारलीचे त्रिकोण आणि वर्तुळे यात सहज उतरतात. म्हणूनच चहाच्या कपापासून पडद्यापर्यंत तारपा नाच पोहोचला. पण हाताचा कंप, पीठ संपत आल्यावर विरळ होणारी रेघ हे सारे येथे गळते. उरते ती आकृती, आणि ती कोणाची हे सांगणारे त्यात काही नसते.

२६/
वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण फाईलला त्याची खबर नसते. ती माहिती आपणच भरावी लागते. छायाचित्रासोबत तारीख, कॅमेरा, ठिकाण आणि छायाचित्रकाराची टीप साठवण्याची सोय फाईलमध्येच असते. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की तो पुन्हा दाबला जातो आणि ही माहिती झडते. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर शाबूत राहतो. बटण तेवढे निराळे, परिणाम मात्र फार मोठा.

२७/
टीप लिहिताना इतिहासाचे भान हवे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वीच्या नोंदींत डहाणू आणि तलासरी ठाणे जिल्ह्यात सापडतील. म्हणून पाडा, गाव, तालुका ही तिन्ही नावे लिहावीत. चौक कोणत्या प्रसंगाचा, कोणी लिहिला, धवलेरी कोण होती हेही त्यांच्या संमतीने नोंदवावे. घराचे नेमके जीपीएस स्थान जाहीर प्रतीतून काढून टाकावे. ते कोणाचे तरी राहते घर आहे.

२८/
सारांश:
• भिंत: रॉमध्ये टिपा, टिफ प्रत काढा, दोन्ही ठेवा.
• कागदावरचे चित्र: टिफमध्ये स्कॅन.
• संगणकावरची सपाट आकृती: पीएनजी किंवा एसव्हीजी.
• वाटण्यासाठी: उच्च दर्जाची जेपीईजी. ती पुन्हा पुन्हा बदलून साठवू नका. दर वेळी झीज होते. नवी प्रत मूळ फाईलपासूनच काढा.
• मूळ फाईली किमान दोन ठिकाणी.
फोन फक्त जेपीईजी देत असेल, तर सर्वोच्च दर्जा निवडा आणि ती पहिली फाईल जपा. नोंदच न करण्यापेक्षा ती हजार पटींनी बरी.

२९/
१९९२च्या समितीने वारली चौक डोळ्यांसमोर ठेवला नव्हता, आणि तसा ठेवायला हवा होता असेही नाही. सर्वसाधारण छायाचित्रासाठी तिचा निर्णय उत्तमच होता. पण सर्वसाधारणासाठी केलेला निर्णय विशेषाला न विचारता लागू झाला की त्यातले विशेष झिजते. कागद आला तेव्हा सवाशिणींची नावे गळाली. ती परत मिळवणे आता बहुतेक अशक्य आहे. या खेपेला निवड आपल्या हातातल्या फोनवर आहे.

३०/
डहाणू, तलासरी आणि आसपासच्या तालुक्यांतील वाचकांना विनंती: येत्या लग्नसराईत तुमच्या घरी किंवा शेजारी चौक लिहिला जाईल, तेव्हा लिहिणाऱ्या बाईंची परवानगी घ्या, फ्लॅश बंद ठेवा, भिंतीवर बाजूने येणाऱ्या उजेडात छायाचित्र काढा आणि त्याच दिवशी त्यांचे नाव फाईलमध्ये लिहून ठेवा. कोणत्या पाड्यात कुडाच्या भिंती आणि त्यांवरचे चौक अजून आहेत, हे खाली जरूर कळवा.
(समाप्त)
#डहाणू #तलासरी #पालघर #वारलीचित्रकला #छायाचित्रण